६०० ची बीआरएम: नाव घालायचं की नाही?

कोल्हापुरात सायकलवाल्यांची कमी नाही आणि ईर्षेची तर अजिबात नाही. रविवारी पन्हाळा करून आलेला ग्रुप रंकाळ्यावर चहाला थांबला की कुणीतरी विषय काढतोच, ‘भावा, सहाशेला नाव घालूया की. होतंय सगळं!’ सहाशे म्हणजे ६०० किलोमीटरची बीआरएम, ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. होतंय हे खरंच. पण कुणाला, किती तयारीवर आणि कुठल्या महिन्यात, याचा हिशोब चहाच्या गाड्यावर होत नाही. तो घरी वही-पेन घेऊन बसूनच करावा लागतो. ज्यांची एखादी २०० झाली आहे, निदान शंभर-सव्वाशे किलोमीटर सहज होतात आणि ६०० चं खूळ डोक्यात शिरलंय, त्यांच्यासाठी तो हिशोब इथं मांडतोय.

आधी अटी

बीआरएम ही शर्यत नाही. पहिला-दुसरा नंबर नसतो; दिलेल्या वेळेत पूर्ण केली की झाली. या राइडना मान्यता देते पॅरिसची ऑडॅक्स क्लब पॅरिसियन, आणि आपल्याकडचं काम ऑडॅक्स इंडिया रँदोनर्स बघते. वेळा ठरलेल्या आहेत: २०० ला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० तास. चारही एकाच सीझनमध्ये केल्या की तुम्ही ‘सुपर रँदोनर’, म्हणजे एसआर. दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला (१२०० किलोमीटर, कमाल मर्यादा ९० तास) जायचं तर त्या वर्षी एसआर पूर्ण लागते. मागची २०२३ ला झाली, पुढची २०२७ ला आहे, त्यामुळं सध्या ६०० ची चर्चा जरा जास्तच आहे.

दोन नियम नवख्यांच्या लक्षात उशिरा येतात. एक, वाटेतल्या प्रत्येक कंट्रोलला (हजेरी नोंदवायच्या थांब्याला) स्वतःची बंद होण्याची वेळ असते, साधारण ताशी १५ किलोमीटरच्या हिशोबानं. म्हणजे ‘शेवटी भरून काढू’ चालत नाही. दोन, मागून घरच्यांची गाडी आणायची नाही. बाहेरची मदत घ्यायची तर कंट्रोलवरच. मधल्या रस्त्यात ट्यूब फुटली, पोट बिघडलं, झोप आली, तर तुमचं तुम्ही बघायचं.

६०० म्हणजे किती, याचा अंदाज हवा असेल तर कोल्हापुरातून हायवेनं बेळगाव, धारवाड, हुबळी करत हावेरीच्या पुढं जायचं आणि तिथून परत यायचं. शनिवारी सकाळी ६ ला निघालात तर रविवारी रात्री १० ला दार बंद.

पहिली पायरी: वेळेचा हिशोब

स्ट्राव्हा अ‍ॅपवर दिसतो तो चाक फिरत असतानाचा वेग. बीआरएमचं घड्याळ मात्र तुम्ही चहा पिताना, पंक्चर काढताना, टोलनाक्याच्या संडासाबाहेर रांगेत उभं असतानाही चालू असतं. म्हणून आधी तुमचा खरा वेग काढा. त्यासाठी सगळ्यात लांब राइडचा फक्त दुसरा अर्धा भाग घ्या. पहिल्या अर्ध्यात सगळेच शूर असतात.

आता ६०० ला भागा. चाकावरचा वेग २२ असेल तर सव्वासत्तावीस तास लागतात आणि पावणेतेरा तास हातात राहतात. २० असेल तर ३० तास, हातात १०. आणि १८ असेल तर ३३ तास २० मिनिटं. उरले ६ तास ४० मिनिटं. या उरलेल्यात काय काय बसवायचं? आठ थांबे, प्रत्येकी २५ मिनिटं, झाले ३ तास २० मिनिटं. तीन तास झोप. शिल्लक २० मिनिटं. त्यात एक पंक्चर निघालं की खेळ संपला.

बघा, २० आणि १८ मध्ये फरक दोनच किलोमीटरचा, पण तो झोपेतून वजा होतो. म्हणून पायांत ताकद आणायच्या आधी थांबे आवरायला शिकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. धाब्यावर फोन बघत बसण्यात दहा-दहा मिनिटं दहा वेळा गेली, तर १ तास ४० मिनिटं गेली. तेवढा वेळ पेडल मारून मिळवायला महिनोन्‌महिने सराव करावा लागतो.

दुसरी पायरी: ४०० किती वाजता संपली?

६०० चा निर्णय ज्या एका आकड्यावर घ्यावा, तो हा. ४०० चोवीस तासांत झाली असेल, तर ६०० ला उरतात १६ तास. दमलेल्या पायांनी शेवटचे २०० किलोमीटर बारा तासांत होतात असं धरा. चार तास मोकळे राहिले, त्यात झोप बसते. घाला नाव.

४०० ला साडेसव्वीस तास लागले असतील, तर उरतात साडेतेरा तास. त्यातून बारा गेले की दीड तास. एवढ्यात झोप, जेवण आणि अडचण तिन्ही बसवणं म्हणजे नशिबावर हवाला. अशा वेळी मी तरी त्या महिन्यात नाव घालणार नाही. पुढच्या ४०० ला थांबे कापून वेळ खाली आणीन.

ज्यांची ४०० झालीच नाही, त्यांच्यापुढं ६०० चा प्रश्नच नाही. २००, ३००, ४०० हा क्रम मोडायला नियमाची आडकाठी नसली, तरी प्रत्येक अंतर वेगळी गोष्ट दाखवतं. २०० मध्ये बैठक कळते: सॅडल, हात, मान. ३०० ला पोट कळतं, कारण तिथं दुपारचं आणि रात्रीचं अशी दोन्ही जेवणं सायकलवर होतात. ४०० ला पहाटेचे तीन वाजलेले कळतात. ६०० ला दुसरा दिवस कळतो आणि त्याची चव आधी कुठंच मिळत नाही. त्यासाठीच पुढच्या चाचण्या.

तिसरी पायरी: घराजवळच्या तीन चाचण्या

कोल्हापूरकरांचं नशीब असं की चढ, सपाट हायवे आणि एकाकी रस्ता, तिन्ही घराला चिकटून आहेत.

पहिली चाचणी गगनबावड्याची. जाऊन-येऊन साधारण ११० किलोमीटर. फुलेवाडीतून बाहेर पडा, कळे, असळज करत वर जा आणि परत या. अट अशी की सगळ्या राइडमध्ये मिळून अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबायचं नाही आणि तासातासाला खायचं. वेग बघू नका. घरी आल्यावर जेवण जातंय का, संध्याकाळी जिना नीट उतरता येतोय का, करंगळी बधिर आहे का, एवढंच बघा. एक सांगतो, उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जाताना तोंडावर असतो आणि येताना पाठीवर. परतीचा तो ताशी २६-२७ चा आकडा तुमचा नाही, वाऱ्याचा आहे. तो वहीत लिहू नका.

दुसरी रात्रीची, आणि माझ्या लेखी तिन्हींत सगळ्यात महत्त्वाची. दिवसभर नेहमीचं काम करा, हलकं जेवा आणि रात्री नऊला निघा. कराडपर्यंत जाऊन परत, साधारण दीडशे किलोमीटर. एकटं जायचं नाही, दोघं-तिघं हवेतच. किणी टोलनाका, पेठ नाका, कराड अशा उजेडाच्या जागी थांबा. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीर आपसूक मंदावतं. त्या वेळी तुमचं काय होतं ते जोडीदाराला टिपायला सांगा. काही जण नुसते गप्प होतात, काहींची चिडचिड होते, आणि काहींची सायकल पांढऱ्या पट्टीवरून हळूहळू आत सरकायला लागते. ही तिसरी खूण दिसली तर तिथंच थांबायचं, उजेडात बसून पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे आणि मग बघायचं. तेवढ्या डुलकीनं माणूस ताजा होत असेल तर ठीक. त्यानंतरही झापड जात नसेल, तर आधी रात्रीची सवय करायला हवी. हे धैर्याचं काम नाही. झोप इच्छाशक्तीला भीक घालत नाही.

तिसरी चाचणी लागोपाठ दोन दिवसांची. शनिवारी बेळगावच्या दिशेनं, निपाणी ओलांडून तवंदी घाट चढून, दीडशे ते दोनशे किलोमीटर. घरी येऊन जेवा, झोपा आणि रविवारी पहाटे साडेचारला पुन्हा सायकल काढा: वाघबिळातून पन्हाळा, नाहीतर जोतिबा, आणि मग जमेल तसं शंभरच्या आसपास. रविवारी पहिला तास सगळ्यांनाच नकोसा वाटतो. त्यावरून काही ठरवू नका. दोन तासांनी पाय मोकळे झाले की नाही आणि सॅडलवर बसवतंय की नाही, हे बघा. दुसऱ्या दिवशी बसवतच नसेल, तर दोष बहुतेक वेळा तुमचा नसून सॅडलच्या उंचीचा, रुंदीचा किंवा चड्डीच्या शिवणीचा असतो आणि तो दुरुस्त होतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सॅडल बऱ्याचदा खाली असते. मागून दुखत असेल तर वर. पाच-पाच मिलिमीटरनं हलवा आणि पुन्हा बघा.

तिन्ही चाचण्या दोन महिन्यांत बसतात. बसत नसतील तर सरावालाही वेळ नाही, हे त्यातच आलं.

चौथी पायरी: कुठला महिना, कुठला रस्ता

नाव घालायच्या आधी रूट उघडून बघावा, नुसतं अंतर बघून फी भरू नये. हायवेवरची ६०० आणि कोकणात उतरून वर येणारी ६०० यांचा आकडा सारखा असला तरी मेहनत सारखी नाही. आंबा घाटानं रत्नागिरीकडं उतरलात तर ती उंची करूळ, फोंडा किंवा आंबोली, कुठून तरी परत चढावीच लागणार. दमलेला साधारण रायडर तासाला तीन-चारशे मीटर उंची चढतो. सहाशे मीटरचा घाट म्हणजे दीड ते दोन तास. तो घाट शनिवारी दुपारी आहे की रविवारी दुपारी, यावर तुमचं होय-नाही बदलू शकतं. पहिली ६०० असेल तर हायवेची निवडा. घाटाची हौस नंतर भागवता येते.

बाहेरगावचे रायडर ज्याचा विचारच करत नाहीत, ती गोष्ट म्हणजे ऊस. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखाने सुरू झाले की मार्चपर्यंत आपल्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या असतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. चालते डाव्या कडेनं, म्हणजे नेमकी तुमच्याच पट्ट्यात. कागल, हातकणंगले, शिरोळ भागात रस्त्यावर पडलेली उसाची कांडी रात्री पुढच्या चाकाखाली आली की सायकल हातातून जाते. म्हणजे हवा सगळ्यात चांगली तेव्हाच रस्ता सगळ्यात वाईट. हंगामातली राइड घ्यायची तर दोन गोष्टी पाळा: पुढचा दिवा असा हवा की तीस-चाळीस मीटरवरचं कांडं दिसावं, आणि ट्रॉलीच्या अगदी मागं वारा चुकवायला चिकटायचं नाही. तिला ओलांडायचं ते मागून येणारं वाहन बघूनच.

रस्त्याच्या कामांमुळं हायवेवर डायव्हर्शन आणि सर्व्हिस रोड लागतात. तिथं उलट्या दिशेनं येणारे दुचाकीवाले गृहीत धरा. एप्रिल-मे मध्ये ऊन दिवस खातं, म्हणून बरेच जण रात्रीचा स्टार्ट शोधतात. पण मग दोन रात्री लागतात, हे विसरू नका. जुलै-ऑगस्टमधल्या ६०० च्या वाटेला पहिल्यांदा जाऊच नये. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ हायवेच बंद झाला होता.

आता दिव्याचा हिशोब, कारण तो कुणी करत नाही. डिसेंबरात आपल्याकडं साधारण सहाला सूर्य मावळतो आणि सातच्या आसपास उगवतो. सकाळी ६ चा स्टार्ट धरला तर पहिला तास, शनिवारची अख्खी रात्र आणि रविवारी शेवटचे चार तास, असे अठराएक तास अंधार. त्यातले तीन झोपेचे वजा करा, तरी पंधरा तास दिवा लागतो. पाकिटावर लिहिलेले तास बहुतेक वेळा सगळ्यात मंद उजेडाचे असतात. घरी दिवा लावून ठेवा आणि तो किती वेळ चालतो ते स्वतः मोजा. दुसरा दिवा किंवा पॉवर बँक ही चैन नाही. मागचा लाल दिवा, हेल्मेट, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट यांच्याशिवाय स्टार्टला उभंच करत नाहीत.

सायकल कुठलीही चालते. हायब्रीडवर ६०० करणारे पुष्कळ आहेत. टायर २८ किंवा ३२ मिलिमीटर रुंदीचे, चढाला पुरेल असा हलका गिअर, दोन ट्यूब, पॅच, पंप, टूल, आणि अंधारात ट्यूब बदलायचा सराव. बास.

पाचवी पायरी: पोट आणि डॉक्टर

तासाला साधारण ४० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतं. आपला गूळ तर जवळजवळ सगळा साखरच. पेढ्याएवढे दोन खडे खिशात असले की एका तासाची अर्धी सोय होते. राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, दहीभात, इडली, साखर-मीठ घातलेलं लिंबूपाणी, सगळं चालतं. पण चाचणीत खाऊन बघितलेलंच. मिसळ आणि तांबडा-पांढरा सोमवारी. नुसतं पाणी ढोसत राहू नका, त्यात मीठ हवं. आणि तहान नसताना जबरदस्तीनं प्यायचंही नाही, त्यानं रक्तातलं सोडियम उतरून माणूस भोवंडतो.

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब-साखर असेल, घरात कुणाला तरुणपणी हृदयाचा त्रास झाला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि ‘सायकल चालवतो’ एवढंच न सांगता ‘चाळीस तास, एक रात्र जागून’ असं पूर्ण सांगा. चढावर छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, चक्कर, यातलं काहीही कधी झालं असेल तर तपासणी होईपर्यंत नाव नको. तापातून उठून दोन आठवडे झाले नसतील तरी नको. आणि वेदनाशामक गोळ्या खात खात राइड काढणाऱ्यांचं कौतुक करू नका. अंगात पाणी कमी असताना त्या किडनीला घातक ठरतात.

सहावी पायरी: घर आणि सोमवार

घरात लग्न, मुलांची परीक्षा, आईचं आजारपण असेल तर ६०० पुढच्या महिन्यात. डोकं घरी ठेवून रात्री दोनला पेडल मारता येत नाही. घरच्यांना ‘जाऊन येतो’ एवढं सांगून भागत नाही. रूट, कंट्रोलच्या वेळा आणि लाइव्ह लोकेशन द्या, आणि फोन कुठल्या तासात बंद असेल तेही सांगा. नाहीतर पहाटे चारला वहिनी आयोजकांना फोन करतात.

सोमवारची रजा नाव घालतानाच टाका. राइड संपल्यावर स्वतः गाडी चालवत घरी यायचं नाही, ही अट मी सगळ्यांत वर ठेवीन. चाळीस तास सायकलवर सुखरूप राहिलेला माणूस अर्ध्या तासाच्या ड्रायव्हिंगमध्ये डुलकी घेतो. स्टार्ट दुसऱ्या गावात असेल तर रविवारी रात्रीची खोली आधीच बुक करा.

शेवटची पायरी: ठरवायचा दिवस

तालमीत पोराची जोड वस्ताद ठरवतो, पोराची हौस नाही. तसं इथंही एखादा जुना रायडर गाठा, ज्याला तुम्ही रागावणार याची भीती नाही. त्याच्यापुढं चार गोष्टी ठेवा: ४०० ची वेळ, रात्रीच्या चाचणीत जोडीदारानं टिपलेलं, दुसऱ्या दिवशीचं बसणं आणि सोमवारची रजा. चारातली एक कच्ची असेल तर ती पक्की करायला किती आठवडे लागतील ते विचारा. दोन कच्च्या असतील तर या वेळी नको. ग्रुपमधले सगळे निघालेत, हे पाचवं कारण कुठंच धरू नका.

होय ठरलं, तर त्याच दिवशी सोडायच्या अटीही लिहून काढा, कारण रात्री अडीचला घेतलेला निर्णय भरवशाचा नसतो. उदाहरणार्थ, सकाळी ६ चा स्टार्ट धरला तर ३५० व्या किलोमीटरचा कंट्रोल पहाटे ५ वाजून २० मिनिटांनी बंद होतो. रात्री दीडपर्यंत तिथं पोचलात तर अडीच-तीन तास झोपून पावणेपाचला निघता येतं आणि उरलेल्या २५० ला सव्वासतरा तास मिळतात. चारच्या पुढं पोचलात तर झोप नाही. मग न झोपता पुढं जायचं की थांबायचं, हे रात्रीच्या चाचणीवरून आत्ताच ठरवा. दोन डुलक्या घेऊनही सायकल भरकटली, सलग दोन-तीन तास पोटात काहीच टिकलं नाही, छातीत काही वाटलं, तर डीएनएफ, म्हणजे राइड अर्धवट सोडायची. सोडलीत तर आयोजकांना लगेच फोन करा, नाहीतर ते रात्रभर तुम्हाला शोधत बसतात. परतीचा मार्गही आधी बघा: हायवेवर एसटी, टेम्पो मिळतो, घाटात रात्री कुणी मिळत नाही.

आणि नाही ठरलं, तर त्याच ६०० ला स्वयंसेवक म्हणून जा. ३०० च्या पुढचा, मध्यरात्रीचा कंट्रोल मागून घ्या. पुढं येणाऱ्या तगड्या पोरांकडं फार बघू नका; दार बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या तासात येणाऱ्यांकडं बघा. ते काय खातात, किती मिनिटं बसतात, काय बोलतात, उठताना हात कुठं टेकवतात, हे वहीत लिहा. पुढच्या सीझनला तुमची वेळ बहुतेक त्यांच्याच आसपासची असेल.